तारणाचा धडा आणि शेजारचे लेकरू

काही वर्षांपूर्वी भिवंडीतील एका ख्रिस्ती कुटुंबाकडे आम्ही पाहुणे म्हणून उतरलो होतो. कशेळीचा पूल ओलांडून ठाण्याहून भिवंडीच्या बाजूला शिरले, की थोड्याच वेळात यंत्रमागांची खडखड कानी पडू लागते आणि ती रात्री झोपेपर्यंत सोबत करते. त्या घरातील थोरली मुलगी प्रथम कम्युनियनची तयारी करीत होती. सायंकाळी ती धर्मशिक्षणाची वही घेऊन पाठांतरास बसली. तारण म्हणजे काय, आपला तारणारा कोण, त्याने आपणांस कसे तारले, अशा प्रश्नांची उत्तरे ती घडाघडा म्हणत होती. इतक्यात मगरिबची अजान सुरू झाली. मुलगी थांबली आणि तिने विचारले, "आई, शेजारची माझी मैत्रीण तारली जाईल का गं?"

आईने आमच्याकडे पाहिले. आम्ही वडीलकीचा आव आणून म्हणालो, "देव सर्वांचाच आहे, बाळ. सगळे धर्म शेवटी एकच." मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "तर मग मी हे सगळं पाठ कशाला करतेय?"

तिच्या या दुसऱ्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. चहा आला, विषय बदलला, परंतु तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. मुलीने ज्या क्षणी तो विचारला, त्या क्षणाचाही विचार आम्ही पुढे पुष्कळ केला. अजानमध्ये श्रद्धावंतांना दोन गोष्टींसाठी बोलावले जाते. एक नमाज आणि दुसरी ‘फलाह’. या अरबी शब्दात यश, कल्याण आणि अंतिम सुटका हे तिन्ही अर्थ सामावलेले आहेत. म्हणजे भिवंडीतील ख्रिस्ती मूल ज्या वेळी आपला तारणाचा धडा गिरवीत असते, त्याच वेळी शेजारच्या मिनारावरूनही तारणाचेच आमंत्रण दिले जात असते. मुलांचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात. त्यांना प्रश्न पडणारच.

अशा प्रश्नाला आपण वडीलधारी माणसे सहसा दोन उत्तरे देतो. पहिले उत्तर, "ते आपल्या देवळात येत नाहीत, तेव्हा ते तारले जाणार नाहीत." दुसरे उत्तर आम्ही दिले ते. पहिल्याने मुलाच्या मनात मैत्रिणीविषयी भिंत उभी राहते. दुसऱ्याने स्वतःच्या श्रद्धेविषयी उदासीनता येते. ही दोन्ही उत्तरे आपल्या ख्रिस्तसभेची नव्हेत, हे आम्हांस हळूहळू कळत गेले. ते कसे, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

हा प्रश्न आमच्या भूमीत नवा नाही. भिवंडीहून खाडी ओलांडली की ठाणे लागते. या ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन बंधू येऊन पोहोचले. तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमेत्रियस अशी त्यांची नावे. त्यांना जायचे होते चीनला, परंतु जहाजाने त्यांना ठाण्याच्या बंदरात आणून सोडले. त्या काळी ठाणे दिल्लीच्या सुलतानाच्या अमलाखाली होते. गावात नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. त्यांतल्याच एका घरी बंधूंनी मुक्काम केला. पुढे जे घडले त्याचा वृत्तांत काही वर्षांनी ठाण्यास आलेले फ्रान्सिस्कन प्रवासी पोर्देनोनेचे ओडोरिक यांनी लिहून ठेवला आहे.

त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले. नवऱ्याने बायकोला मारले. ती काजीकडे फिर्याद घेऊन गेली आणि साक्षीदार कोण असे विचारता तिने घरी उतरलेल्या पाहुण्यांकडे बोट दाखवले. बंधूंना बोलावणे आले. साक्ष बाजूला राहिली आणि धर्माचा वाद सुरू झाला. ख्रिस्त हा केवळ माणूस की देवही, येथपासून तो वाद महंमद पैगंबरांविषयी तुमचे मत काय, या प्रश्नापर्यंत गेला. बंधू प्रथम ते उत्तर टाळत होते. पुन्हा पुन्हा विचारल्यावर थॉमस यांनी कठोर उत्तर दिले. त्या उत्तराची किंमत चौघांनी प्राणांनी चुकवली. ९ एप्रिल रोजी तिघांचा आणि ११ एप्रिल रोजी पीटर यांचा वध झाला. त्यांचे सोबती, डॉमिनिकन संघाचे जॉर्डानस, त्या वेळी ठाण्यात नव्हते. त्यांनी परत येऊन हे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. पुढे ओडोरिक यांनी त्या अस्थी आपल्याबरोबर चीनला नेल्या.

या रक्तसाक्ष्यांविषयी आम्हांस आदर आहे. आपली श्रद्धा न लपवता त्यांनी मृत्यू स्वीकारला. तथापि, हा प्रसंग मुलांना सांगताना आपण एक गोष्ट विसरू नये. ही कहाणी एका फ्रान्सिस्कनाने आपल्या बंधूंच्या गौरवार्थ लिहिली आहे. काजीच्या बाजूचा, गावातील सामान्य मुसलमानांच्या बाजूचा वृत्तांत आपल्यापर्यंत आलेला नाही. आणि दुसरे असे, की तेथे तारणाविषयी बोलणे झाले ते दरबारात. एक बाजू सत्तेवर होती, दुसरी आरोपीच्या जागी. "आमच्या पैगंबरांविषयी तुझे मत सांग" हा प्रश्न जाणून घेण्यासाठी विचारलेला नव्हता. आजही आपण आपल्या मुलांना शेजाऱ्याच्या धर्माविषयी सांगतो, तेव्हा नकळत असाच दरबार भरवतो की काय, याचा विचार प्रत्येक आईबापाने करावा.

यानंतर अडीचशे वर्षांनी दुसऱ्या एका दरबारात याच प्रश्नाने एका लहान मुलाला गाठले. अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून नोव्हेंबर १५७९ मध्ये तीन येशूसंघीय धर्मगुरू गोव्याहून निघाले आणि दमण, सुरत या मार्गाने फेब्रुवारी १५८०च्या अखेरीस फतेहपूर सिक्रीस पोहोचले. त्यांचे प्रमुख होते रुडॉल्फ अक्वाविवा. सोबतचे आंतोनियो मोन्सेराते यांच्याकडे बादशहाने आपला दुसरा पुत्र मुराद याला शिकवण्याचे काम सोपवले. मुराद तेव्हा दहाएक वर्षांचा होता. पोर्तुगीज भाषेबरोबर त्याला ख्रिस्ती धर्माचेही पाठ मिळू लागले. इकडे इबादतखान्यात मौलवी आणि पाद्री यांचे रात्र रात्र वाद चालत आणि तिकडे हा मुलगा आपल्या गुरूंकडून क्रूसाची खूण करायला शिकत होता.

पुढे काय झाले? अक्वाविवा १५८३ साली गोव्यास परतले आणि त्याच वर्षी साष्टीतील कुंकळ्ळी येथे त्यांना मृत्यू आला. मुराद मोठा झाला तो इतर शहजाद्यांसारखाच. १५९५ साली अहमदनगरला वेढा घालणाऱ्या मोगल फौजेचा तो सेनापती होता आणि चांदबिबीने किल्ल्यावरून त्याच्याशी झुंज दिली, हे आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. १५९९ साली जालन्याच्या परिसरात, अतिमद्यपानाने खंगून, तो ऐन तारुण्यात मरण पावला. त्याच्या गुरूंनी त्याला मनापासून शिकवले असेल यात शंका नाही. परंतु त्या मुलाच्या घरात, त्याच्या आईच्या भाषेत, त्याच्या रोजच्या जगण्यात त्या पाठांना जागा नव्हती. बादशहाच्या कुतूहलाचा तो एक भाग होता. कोणत्याही धर्माचा धडा असा वरून चिकटवला की टिकत नाही.

हाच विचार दुसऱ्या एका येशूसंघीयाने अधिक खोलवर केला होता. अक्वाविवा गोव्याहून निघण्याच्या महिनाभर आधी, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, थॉमस स्टीफन्स हे इंग्रज बंधू गोव्यात उतरले. त्यांच्याआधी संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्याच्या रस्त्यांतून घंटा वाजवीत मुलांना गोळा करीत आणि चालीवर म्हणवून घेत त्यांना धर्मतत्त्वे शिकवीत. परंतु चालीवर म्हटलेले पुष्कळदा ओठांवरच राहते. स्टीफन्स यांनी साष्टीत चाळीस वर्षे लोकांत राहून त्यांची भाषा आत्मसात केली. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपल्या पूर्वीच्या पुराणांची उणीव भासत होती. ती ओळखून त्यांनी मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली राशोल येथे ते रोमन लिपीत छापून झाले. जगाचा तारणारा येशू ख्रिस्त याच्या आगमनाविषयीचे निरूपण, असा त्याच्या मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा आशय आहे. दोन भागांतील पंचाण्णव अवस्वरूंमध्ये आणि सुमारे अकरा हजार ओव्यांमध्ये त्यांनी एकच कथा सांगितली. माणूस पडला, देवाने त्याची वाट पाहिली, त्याला वचन दिले आणि शेवटी स्वतः येऊन त्याला उचलले.

तारण हा सिद्धान्त म्हणून न मांडता कथा म्हणून सांगावा, आणि तीही ऐकणाऱ्याच्या आईच्या भाषेत, हे स्टीफन्स यांना उमगले होते. म्हणून स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणायलाही ते कचरले नाहीत. १६१९ साली ते निवर्तले. त्यांनी कोंकणीत तयार केलेले प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ साली छापले गेले. आपल्या त्या मुलीच्या हातातील वही ही याच परंपरेची आहे.

परंतु इतिहास लिहिताना एक डागही सांगितला पाहिजे. ज्या राज्यात हे सुंदर पुराण रचले गेले, त्याच पोर्तुगीज राज्यात १५५९ सालच्या राजाज्ञेनुसार मायबाप आणि आजीआजोबा नसलेली हिंदू बालके नातलगांच्या हातून काढून घेऊन ख्रिस्ती करण्याची व्यवस्था होती. मुलांच्या आत्म्याचे तारण व्हावे, हा त्यामागे सांगितलेला हेतू. तारणाची चिंता प्रेमापासून सुटली म्हणजे ती कोठवर जाते, याचे हे उदाहरण आहे. आपल्या मुलांपासून ते दडवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

अशी चिंता का निर्माण झाली होती? येथे आपल्या पहिल्या उत्तराचा उगम सापडतो. ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही, हे सूत्र तिसऱ्या शतकातील संत सिप्रियन यांच्या काळापासूनचे आहे. त्यांचा रोख होता तो ख्रिस्तसभा फोडून बाहेर जाणाऱ्यांवर, परधर्मात जन्मलेल्यांवर नव्हे. पुढे मध्ययुगात सारे जग आपल्याला माहीत झाले आहे आणि सर्वांपर्यंत शुभवर्तमान पोहोचले आहे, अशा समजुतीने त्या सूत्राची धार वाढत गेली. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने ते अत्यंत कडक शब्दांत मांडले. त्यानंतर अवघ्या पन्नास वर्षांत कोलंबस अमेरिकेला पोहोचला. ज्यांनी ख्रिस्ताचे नावही कधी ऐकले नव्हते अशी कोट्यवधी माणसे जगात आहेत, हे उघड झाले. धर्मपंडितांना नव्याने विचार करावा लागला. १८६३ साली नववे पायस यांनी स्पष्ट केले, की ज्यांना स्वतःच्या दोषावाचून सत्यधर्म कळला नाही, परंतु जे विवेकाला अनुसरून सरळ जगतात, त्यांना देव आपल्या कृपेने सार्वकालिक जीवन देऊ शकतो. १९४९ साली तर अमेरिकेतील बॉस्टन येथे लिओनार्ड फीनी हे धर्मगुरू जुन्या सूत्राचा अगदी आखूड अर्थ शिकवू लागले, तेव्हा रोमहून त्यांची चूक दाखवून देण्यात आली. बोलावूनही ते रोमला गेले नाहीत, तेव्हा १९५३ साली त्यांनाच ख्रिस्तसभेबाहेर काढावे लागले. मरणापूर्वी त्यांचा समेट झाला.

लहान मुलांविषयीचा प्रश्न याहून नाजूक. स्नानसंस्काराविना मेलेल्या अजाण बाळाचे काय होते? संत ऑगस्टीन यांचे उत्तर कठोर होते. मध्ययुगीन पंडितांनी ते सौम्य करून ‘लिंबो’ची कल्पना मांडली. तेथे दुःख नाही, परंतु देवदर्शनही नाही. किती मातांनी या विचाराने उशा भिजवल्या असतील! ही कल्पना श्रद्धेचा सिद्धान्त कधीच नव्हती. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने अशा बालकांना देवाच्या दयेवर सोपवले आणि २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा बाळगण्यास भक्कम आधार आहे, असा निर्वाळा दिला. गंमत अशी, की इस्लाममध्येही अजाण वयात गेलेल्या मुलाविषयी मुस्लिम मातेला स्वर्गाचेच आश्वासन दिले जाते. लेकरू गेलेल्या दोन आया एका चाळीत राहत असतील, तर त्या दोघींच्याही हाती आज आपापल्या धर्माने आशाच दिलेली आहे.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने या साऱ्या वाटचालीला निश्चित रूप दिले. नोव्हेंबर १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या घटनेत परिषदेने म्हटले, की देवाच्या तारणयोजनेत निर्मात्याला मानणाऱ्यांचाही समावेश आहे, आणि त्यांत मुसलमानांचा उल्लेख प्रथम केला. ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रात ख्रिस्तसभा मुसलमानांकडे आदराने पाहते असे सांगून त्यांची एकेश्वरभक्ती, पवित्र मरियेविषयीचा त्यांचा पूज्यभाव, त्यांची प्रार्थना, दानधर्म आणि उपवास यांची नोंद घेतली. गतकाळची वैरे विसरून परस्परांना समजून घ्यावे, असे आवाहन केले. मात्र हे सारे विसर पाडण्यासाठी नव्हे. दुसरे जॉन पॉल यांनी १९९० साली आणि त्यानंतर रोमच्या श्रद्धासिद्धान्त विभागाने २००० साली पुन्हा बजावले, की ख्रिस्त हाच एकमेव मध्यस्थ आहे. जो कोणी तारला जातो, तो त्याच्याच कृपेने. परिषदेने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती आपण मुलांना क्वचितच सांगतो. ख्रिस्तसभेत नाव असूनही जो प्रेमात टिकून राहत नाही, तो तारला जात नाही. म्हणजे स्नानसंस्काराच्या वहीतील नोंद ही काही कोणाची खात्रीची पावती नव्हे.

आता शेजारच्या घराकडे वळू. तेथील मूल काय शिकते? भिवंडीत शतकानुशतके राहणारे मराठीभाषक कोकणी मुसलमान आहेत, तसेच १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांचे वंशजही आहेत. चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाल्यावर मुलाचा बिस्मिल्लाहचा विधी करण्याची रीत अनेक घरांत आहे. मग मकतबमध्ये कायदा, म्हणजे अरबी अक्षरांची पहिली पोथी, आणि त्यापुढे कुराणपठण. मुफ्ती किफायतुल्लाह देहलवी यांचे ‘तालीमुल इस्लाम’ हे उर्दू पुस्तक कित्येक पिढ्यांच्या मुलांनी वाचले आहे. तेही आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकासारखेच प्रश्नोत्तररूप आहे. मूल सात वर्षांचे झाले की त्याला नमाजाची सवय लावावी, असे पैगंबरांचे सांगणे मानले जाते. आपल्याकडे १९१० साली संत दहावे पायस यांनी कम्युनियनचे वय खाली आणून जाण येण्याचे, म्हणजे साधारण सात वर्षांचे, ठरवले. दोन्ही घरांनी एकाच वयाच्या लेकराला हाताशी धरले आहे.

परंतु धडे एक नाहीत. आपण शिकवतो, की आदामाच्या पतनाने सारी मानवजात जखमी झाली, स्वतःच्या बळावर तिला उठता येत नाही आणि म्हणून देवाच्या पुत्राने क्रूसावर प्राण देऊन आपणांस उठवले. इस्लाम शिकवतो, की आदाम चुकला, त्याने पश्चात्ताप केला आणि अल्लाहने त्याला क्षमा केली. त्याचा भार लेकरांवर आला नाही. प्रत्येक मूल निर्मळ जन्मते. कोणी कोणाचे ओझे वाहत नाही. आपल्या कृतींचा हिशेब प्रत्येकाला द्यावा लागतो. म्हणून तेथे तारणाऱ्याची गरज आपल्या अर्थाने उरत नाही. मार्ग दाखवणारा हवा, आणि तो पैगंबर. हजरत ईसा यांना मुसलमान थोर पैगंबर मानतात. कुराणाचा एकोणिसावा अध्याय त्यांच्या आईच्या नावाचा आहे. परंतु ते देवाचे पुत्र होते आणि क्रूसावर मेले, हे मुसलमान मानत नाहीत. आपल्या श्रद्धेचा जो गाभा, नेमका तेथेच फरक आहे. तो मोठा आहे. ‘सगळे धर्म एकच’ असे म्हणून आम्ही त्या मुलीच्या श्रद्धेला न्याय दिला नाही, आणि तिच्या मैत्रिणीच्या श्रद्धेलाही नाही.

त्याचबरोबर आपल्या बोलण्यात येणारा एक गैरसमजही काढून टाकावा. मुसलमान केवळ कर्मांच्या जोरावर स्वर्गाची अपेक्षा करतात, असे आपण सहज बोलून जातो. परंतु केवळ आपल्या कर्मांनी कोणीच स्वर्गात जाणार नाही, आपण स्वतःही अल्लाहच्या दयेनेच जाऊ, असे पैगंबरांचे सांगणे हदीसमध्ये आहे. प्रत्येक नमाजात देवाला दयाळू म्हणूनच हाक मारली जाते. शेजाऱ्याचा धर्म त्याच्याच शब्दांत समजून घेतल्यावाचून मुलांना सांगणे म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देणेच होय, आणि ती तर आपल्या दहा आज्ञांतच निषिद्ध आहे.

हे सारे केवळ वर्गात शिकवण्यापुरते आहे, असे कोणास वाटेल. भिवंडीकरांस तसे वाटणार नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी या शहरात दंगल उसळली. तिची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. मे १९८४ मध्ये पुन्हा माणसे मारली गेली, घरे जळली. परंतु डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता हीच भिवंडी शांत राहिली. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी त्याआधीच्या काही वर्षांत गल्लोगल्ली मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. त्यांत दोन्ही समाजांची माणसे एकत्र बसत आणि लहानसहान कुरबुरी जागच्या जागी मिटवत. त्यांनी कोणाचा धर्म बदलला नाही, की सर्व धर्म एक आहेत असे कोणाकडून वदवून घेतले नाही. शेजाऱ्याला नावाने ओळखायला लावले, एवढेच. ठाण्यातील १३२१ च्या त्या घरगुती भांडणाच्या वेळी अशी एखादी समिती असती तर, असा विचार आमच्या मनात येऊन जातो.

मग मुलांना काय शिकवावे? प्रथम, आपला धडा पुरता शिकवावा. तो स्टीफन्स यांच्याप्रमाणे कथा म्हणून सांगावा, म्हणजे मुलाला आपण तारले गेलो आहोत याचा आनंद कळेल. घाबरवून शिकवलेले तारण मुलाला शेजाऱ्याची कीव करायला शिकवते किंवा त्याचा द्वेष करायला. दुसरे, शेजाऱ्याचा धडा खरेपणाने सांगावा. साम्य असेल तेथे साम्य, भेद असेल तेथे भेद. शक्य असेल तर शेजाऱ्यालाच विचारावे. ईदचा शिरखुर्मा आपल्या घरी येतो, नाताळचा फराळ त्यांच्या घरी जातो. ताटाबरोबर दोन शब्दांची देवाणघेवाण व्हायला काय हरकत आहे? तिसरे, कोण तारला जाईल याचा निकाल देण्याचे काम आपल्याकडे दिलेले नाही, हे मुलाच्या मनावर बिंबवावे. आपल्याकडे आशा दिली आहे आणि साक्ष देण्याचे काम दिले आहे. ती साक्ष बोलून द्यायची वेळ आली तर नम्रपणे बोलावे. पण तिची सुरुवात आपल्या वागण्यातून व्हावी.

त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस शेवटी परिषदेच्याच एका दस्तऐवजात मिळाले. डिसेंबर १९६५ च्या ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या घटनेत असे प्रतिपादन आहे, की ख्रिस्त सर्वांसाठी मरण पावला, आणि म्हणून पवित्र आत्मा देवालाच ठाऊक असलेल्या मार्गाने प्रत्येकाला त्याच्या मरण-पुनरुत्थानात सहभागी होण्याची संधी देतो, असे आपण मानले पाहिजे. म्हणजे शेजारच्या लेकराविषयीची आपली आशा ख्रिस्ताला बाजूला ठेवून उभी राहत नाही. ती ख्रिस्तावरच उभी आहे.

ती मुलगी आता मोठी झाली असेल. पुन्हा भेट झाली, तर आम्ही तिला सांगू: बाळ, त्या दिवशी आम्ही चुकीचे बोललो. तुझा आणि तुझ्या मैत्रिणीचा धर्म एक नाही, आणि तसे सोंग करण्याची गरजही नाही. तुझी मैत्रीण तारली जाईल का, हे देव ठरवील. परंतु तू तिच्यासाठी आशा धर, कारण ज्याने तुझ्यासाठी प्राण दिला त्याने तिच्यासाठीही दिला आहे. तू हे सगळे पाठ कशाला करतेस, असे विचारले होतेस ना? ही आशा कोणाच्या भरवशावर धरायची, हे तुला कळावे, म्हणून.